झटका येण्याआधीचा एक तास

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला भेटायला आपण इस्पितळात जातो, तेव्हा आपले प्रश्न ठरलेले असतात. "काय खाल्लं होतंस?" "कुणाशी भांडलास का?" "गोळ्या वेळेवर घेत होतास ना?" बिचारा पडल्या पडल्या प्रत्येकाला तीच उत्तरे देतो. कधी मनातल्या मनात स्वतःलाच दोष देतो, की आपलेच काहीतरी चुकले असणार.

जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहराच्या परिसरात मात्र अशा रोग्यांना काही वेगळेच विचारले गेले. फेब्रुवारी १९९९ ते जुलै २००१ या काळात हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसांच्या खाटेशेजारी प्रशिक्षित नर्स वही घेऊन बसत आणि विचारत: झटका आला त्याच्या तासभर आधी तुम्ही कुठे होतात? घरात, बागेत, की रस्त्यावर? रस्त्यावर असाल तर मोटारीत, बसमध्ये की सायकलवर? त्याच्या आदल्या दिवशी याच वेळेला काय करत होतात? आणि त्याच्याही आदल्या दिवशी?

या साध्या प्रश्नांतून जे निघाले, ते जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी वाचले. आपण काय खातो-पितो, किती चालतो, एवढ्यावरच हृदयाचे सगळे अवलंबून नसते. आपण कुठल्या हवेत आणि कुठल्या उकाड्यात वावरतो, याचाही त्यात वाटा असतो. वय झाल्यावर हा वाटा वाढतो. म्हणून या वेळच्या लेखात हे प्रश्न विचारणाऱ्या संस्थेची ओळख करून देत आहे. तिथल्या कामातून आपल्या वयाच्या माणसांनी काय घ्यायचे तेही शेवटी सांगेन.

संस्था कोणती, पैसा कोणाचा?

म्युनिक शहराच्या उत्तर सीमेवर नॉयहेरबेर्ग नावाचे ठिकाण आहे. तिथे हेल्महोल्ट्झ म्युनिक हे मोठे संशोधन केंद्र आहे. त्याच्या पूर्ण नावाचा अर्थ आरोग्य आणि पर्यावरण यांसाठीचे जर्मन संशोधन केंद्र असा होतो. पर्यावरण म्हणजे फक्त झाडे आणि नद्या नव्हेत. आपण घेतो तो श्वास, खोलीतली उष्णता, कानावर पडणारा आवाज, पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारे पदार्थ, हे सगळे त्यात आले. या सगळ्याचा शरीरावर काय परिणाम होतो आणि त्यातून मधुमेह, दमा, हृदयविकार कसे उद्भवतात, हे शोधणे हे या केंद्राचे काम.

हे केंद्र सरकारी पैशावर चालते. त्याच्या मूळ खर्चातल्या दर १०० युरोंपैकी ९० युरो जर्मनीचे केंद्र सरकार देते आणि १० युरो बव्हेरिया राज्य देते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एखादे औषध विकायचे असेल तर त्याच्या चाचणीला कंपनी पैसे घालते. पण रस्त्यावरच्या धुरामुळे म्हाताऱ्या माणसांचे काय होते, हे एकाच शहरात चाळीस वर्षे मोजत बसायला कुठली कंपनी पैसे घालणार? त्यातून विकायला काहीच निघत नाही. असे काम लोकांच्या करातूनच होऊ शकते.

नावातला हेल्महोल्ट्झ कोण, तेही सांगतो. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ हे १९ व्या शतकातले जर्मन डॉक्टर आणि पदार्थविज्ञानाचे मोठे अभ्यासक. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आतला पडदा पाहता येईल असे उपकरण त्यांनी १८५१ साली जगापुढे मांडले. आपल्यापैकी ज्यांना साखर आहे त्यांना डॉक्टर डोळ्यांच्या तपासणीला पाठवतात, बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि प्रकाश टाकून आत पाहतात. त्या तपासणीची सुरुवात या गृहस्थांपासून झाली. जर्मनीतल्या १८ मोठ्या सरकारी संशोधन केंद्रांच्या संघाला त्यांचे नाव दिलेले आहे. म्युनिकचे केंद्र त्यांपैकी एक.

सुरुवात किरणांपासून

आज तिथे मधुमेह आणि दम्याचे संशोधन चालत असले, तरी संस्थेचा जन्म दुसऱ्याच भीतीतून झाला. १९६० साली ती सुरू झाली तेव्हा तिचे काम होते किरणोत्सर्गापासून संरक्षण. अणुशक्तीचा जमाना नुकताच आला होता. इस्पितळांत क्ष-किरण आणि किरणोत्सर्गी पदार्थ वापरात होते. ती किरणे माणसाला किती सोसतात आणि किती घातक ठरतात, हे मोजणारी माणसे हवी होती.

हे ज्ञान १९८६ साली कामी आले. २६ एप्रिलला युक्रेनमधल्या चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. एप्रिल संपता संपता ते ढग दक्षिण जर्मनीवर आले आणि नेमका त्याच वेळी बव्हेरियात पाऊस पडला. हवेतले किरणोत्सर्गी सिझियम पावसाबरोबर कुरणांवर, भाज्यांवर आणि जंगलांवर उतरले. मुलांना दूध द्यावे की नाही, बागेतला पाला खावा की नाही, असे प्रश्न आयांना पडले. त्याची उत्तरे मोजमाप केल्याशिवाय देता येत नव्हती आणि मोजणारी माणसे नॉयहेरबेर्गला होती. सिझियमची ताकद निम्मी व्हायला सुमारे ३० वर्षे लागतात. म्हणून बव्हेरियाच्या जंगलातली काही अळंबी आणि रानडुकराचे मांस आजही तपासावे लागते.

पण सगळेच चांगले सांगून भागणार नाही. या संस्थेच्या इतिहासात एक डागही आहे. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात आसे नावाची जुनी मिठाची खाण आहे. ती १९६५ साली सरकारने विकत घेतली आणि चालवायला या संस्थेकडे दिली. १९६७ ते १९७८ या काळात तिथे किरणोत्सर्गी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे जमिनीखाली ठेवली गेली. मीठ कोरडे असते, तिथे पाणी येणार नाही, असा हिशेब होता. तो चुकला आणि खाणीत पाणी झिरपू लागले. लोकांचा विश्वास उडाला. २००९ च्या सुरुवातीला खाणीचा कारभार या संस्थेकडून काढून किरण-संरक्षणाच्या सरकारी खात्याकडे देण्यात आला. पुढे २०१३ साली ती पिंपे परत बाहेर काढण्याचा कायदा झाला. ते काम अतिशय अवघड आणि खर्चाचे आहे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेलाही लोकांनी हिशेब विचारत राहावे लागते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

एका शहराची चाळीस वर्षांची वही

आता आउग्सबुर्गकडे वळू. म्युनिकपासून सुमारे ६० किलोमीटरवरचे हे जुने शहर. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने हृदयविकाराची पाहणी करायला एक मोठा प्रकल्प काढला. त्याचे नाव ‘मोनिका’. नाव बाईचे वाटते, पण ती लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. कुठल्या देशात किती लोकांना हार्ट अटॅक येतो आणि का येतो, हे एकाच पद्धतीने मोजायचे, असा तो बेत होता. आउग्सबुर्ग त्यातले एक ठिकाण होते.

१९८४ पासून त्या शहरात आणि लगतच्या दोन जिल्ह्यांत प्रत्येक हार्ट अटॅकची नोंद ठेवायला सुरुवात झाली. शिवाय १९८४ ते २००१ या काळात चार वेळा पाहणी झाली. २५ ते ७४ वर्षांच्या, चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा निवडलेल्या सुमारे १८,००० लोकांची रक्त-लघवी तपासली गेली, वजन-उंची-रक्तदाब घेतला गेला, खाणेपिणे आणि कामधंदा विचारला गेला. मोनिका प्रकल्प संपला, पण म्युनिकच्या केंद्राने वही बंद केली नाही. ‘कोरा’ या नावाने तीच पाहणी पुढे चालू ठेवली. तीच माणसे पुन्हा पुन्हा बोलावली जातात. वीस वर्षांपूर्वी ज्याची साखर थोडी वर होती, त्याचे आज काय झाले, हे त्यामुळे कळते.

यातली एक पाहणी खास म्हाताऱ्यांची होती. २००८-०९ मध्ये ६५ च्या पुढच्या लोकांना बोलावून त्यांच्या हाताच्या मुठीची ताकद मोजली गेली. खुर्चीवरून उठून चालून परत येऊन बसायला किती वेळ लागतो तेही पाहिले. एकटे राहता का, किती दुखणी एकत्र आहेत, रोज किती गोळ्या घेता, हेही विचारले. तुमच्या-माझ्या वयाच्या माणसांची दुखणी एकेकटी येत नाहीत, घोळक्याने येतात. म्हणून ती एकत्रच पाहावी लागतात.

तासाभराचा हिशेब

आता त्या खाटेशेजारच्या वहीकडे परत जाऊ. डॉ. आनेटे पेटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९१ रोग्यांच्या नोंदी तपासल्या आणि २००४ साली निष्कर्ष छापले. ज्या तासाभरात माणूस रस्त्यावरच्या रहदारीत होता, त्याच्या पुढच्या तासात झटका येण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली. बहुतेक लोक मोटारीत होते. पण बस-ट्रामने जाणारे आणि सायकलवाले यांच्यातही हा संबंध दिसला.

हे त्यांनी कसे काढले ते समजून घेऊ, कारण युक्ती सोपी आहे. रामभाऊंची तुलना शामरावांशी केली तर घोटाळा होतो. एक सिगारेट ओढतो, दुसरा नाही. एकाचे वडील हार्ट अटॅकने गेलेले, दुसऱ्याचे नव्वदीपर्यंत जगलेले. म्हणून संशोधकांनी रामभाऊंची तुलना रामभाऊंशीच केली. झटक्याआधीच्या तासात ते काय करत होते आणि आदल्या दिवसांच्या तासांत काय करत होते, एवढेच पाहिले. माणूस तोच, वजन तेच, घराणे तेच, सवयी त्याच. फरक फक्त त्या तासाचा.

‘तिप्पट’ हा शब्द वाचून घाबरून कुणी बसमध्ये बसणे सोडू नये. कुठल्याही एका तासात आपल्याला झटका येण्याची शक्यता मुळात अगदी लहान असते. लहान आकड्याची तिप्पट केली तरी तो लहानच राहतो. पण एका शहरातले लाखो लोक रोज रहदारीत तास काढतात, तेव्हा त्या लहान आकड्यांची बेरीज मोठी होते. शिवाय ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे, त्याला शेवटचा धक्का पुरतो. भरलेल्या हंड्यात आणखी एक तांब्या ओतला की पाणी बाहेर येते. हंडा मात्र वर्षानुवर्षे भरत आलेला असतो.

रहदारीतले नेमके काय बाधते, धूर, आवाज की मनावरचा ताण, हे या एका अभ्यासातून वेगळे काढता आले नाही. संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले आहे.

वस्त्रगाळाहूनही बारीक

धुराबद्दल मात्र इतर अनेक अभ्यासांतून बरेच कळले आहे. आपण पीठ वस्त्रगाळ करतो, म्हणजे मलमलच्या फडक्यातून गाळतो. रस्त्यावरच्या धुरातले कण त्या पिठाच्या कितीतरी पट बारीक असतात. आरोग्याला जे कण सर्वांत जास्त बाधतात, ते अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असतात. डोक्याच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रोमीटर धरली, तर असे जवळजवळ तीस कण शेजारी शेजारी ठेवले की एका केसाएवढी रुंदी होईल. त्याहूनही बारीक कण मोटारींच्या धुरात भरपूर असतात.

मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि घशात अडकते. आपण शिंकतो, खोकतो, ती बाहेर पडते. बारीक कण मात्र फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचतात. तिथे शरीर त्यांना परका म्हणून ओळखते आणि दाह सुरू होतो. या दाहाचे रसायन रक्तात उतरते. रक्त गुठळी धरायला जास्त तयार होते, रक्तवाहिन्या आखडतात, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसा बिथरतात. श्वास फुप्फुसात गेला आणि दुखणे हृदयात निघाले, असा हा प्रकार.

अशा अभ्यासांच्या आधारावरच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपला सल्ला कडक केला. वर्षभराच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरात हे बारीक कण ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, असे तिने सांगितले. आधीचा आकडा १० होता. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये नवा नियम केला आणि २०३० पर्यंत १० चा आकडा गाठायचे ठरवले. खाटेशेजारी बसून विचारलेला प्रश्न कायद्यापर्यंत असा पोचतो.

रात्रीचा उकाडा

आता उन्हाळ्याची गोष्ट. आउग्सबुर्ग थंड हवेचे शहर. तिथे थंडीत हार्ट अटॅक वाढतात हे पूर्वीपासून माहीत होते. म्युनिकच्या केंद्रातल्या डॉ. अलेक्झांड्रा श्नायडर यांच्या गटाने १९८७ ते २०१४ या काळातले २७,००० हून अधिक हार्ट अटॅक तपासले. थंडीचा त्रास होताच, पण २००१ नंतरच्या वर्षांत उष्णतेमुळे येणाऱ्या झटक्यांचा धोका आधीपेक्षा वाढलेला दिसला. मधुमेह असलेल्यांत आणि रक्तातली चरबी वाढलेल्यांत ही वाढ जास्त ठळक होती.

मग प्रश्न पडला रात्रीचा. त्या गटाने आउग्सबुर्गच्या विद्यापीठ इस्पितळाबरोबर २००६ ते २०२० या १५ वर्षांतल्या मे ते ऑक्टोबर महिन्यांमधले ११,०३७ पक्षाघाताचे रोगी पाहिले. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिशय उकाड्याच्या रात्रींनंतर पक्षाघाताचा, म्हणजे लकव्याचा, धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हातारी माणसे आणि स्त्रिया यांना तो जास्त होता. २००६ ते २०१२ या काळात उकाड्याच्या रात्रींमुळे त्या इस्पितळात वर्षाला २ जादा रोगी आले असा हिशेब निघाला. २०१३ ते २०२० या काळात तोच आकडा वर्षाला ३३ झाला.

त्या अभ्यासात उकाड्याची रात्र ठरवण्याची सीमा होती १४.६ अंश. हे वाचून आपल्याकडचे लोक हसतील. १४ अंश म्हणजे आपण स्वेटर घालतो! पण शरीर ज्या गावच्या हवेला सरावलेले असते, त्या गावचा उकाडा त्याला बाधतो. आउग्सबुर्गच्या घरांत मझगान क्वचितच असतो आणि भिंती थंडीसाठी बांधलेल्या असतात. म्हणून तिथला आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. कारण मात्र दोन्हीकडे एकच आहे.

रात्री शरीर थोडे थंड होते, रक्तदाब उतरतो, हृदयाला विसावा मिळतो. खोली तापलेली असली की हा विसावा मिळत नाही. घाम जातो, झोप तुटते, अंगातले पाणी कमी होते आणि रक्त दाट होते. तरुणपणी तहान लगेच लागते. वय वाढले की तहानेची घंटा उशिरा वाजते, कधी वाजतच नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला तहान लागली नाही, याचा अर्थ त्याला पाणी नको असा होत नाही.

न सांगता आलेली साखर

कोरा पाहणीतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००० सालच्या पाहणीत ५५ ते ७४ वर्षांच्या लोकांची साखर साखरेचे पाणी पाजून तपासली गेली. आपल्याला मधुमेह आहे हे ८.४ टक्के लोकांना माहीत होते. तपासणीत आणखी ८.२ टक्के लोकांना मधुमेह निघाला आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे मधुमेहाच्या दोन रोग्यांपैकी जवळजवळ एक आपल्याला काही नाही असे समजून फिरत होता. डॉक्टर आणि इस्पितळे यांची कमतरता नसलेल्या देशातली ही गोष्ट आहे. ज्याला साखर आहे त्याला धूर आणि उकाडा जास्त बाधतो, हे लक्षात घेतले तर या न कळलेल्या साखरेचे महत्त्व पटेल.

आपण काय करावे?

हवा बदलणे एकट्याच्या हातात नाही. पण काही गोष्टी आपल्याला करता येतात.

१. फिरायला जाताना मोठ्या रस्त्याच्या कडेने जाऊ नका. एक गल्ली आत गेलात तरी धूर आणि आवाज बराच कमी होतो. सकाळ-संध्याकाळ गाड्यांची गर्दी असते ती वेळ टाळा.

२. धुळीच्या वादळाच्या दिवशी, खामसीनच्या दिवशी, खिडक्या लावून घरातच बसा. त्या दिवशी बाजार राहिला तरी चालेल. दमा किंवा हृदयविकार असेल तर हे कटाक्षाने पाळा.

३. उन्हाळ्यात रात्री मझगान लावायला कंजूषपणा करू नका. विजेच्या बिलाच्या धाकाने पुष्कळ वडीलधारी माणसे खिडकीपाशी घाम पुसत रात्र काढतात. सगळे घर थंड करायला नको, झोपायची एक खोली पुरे. मझगान नसेल तर मुलांकडे किंवा शेजाऱ्यांकडे चार रात्री झोपायला जाण्यात कमीपणा नाही.

४. तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्या. मात्र ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी जास्त करवणारी गोळी आणि रक्तदाबाची गोळी यांचे प्रमाण कडक उन्हाळ्यात बदलायचे का, हे कुपात खोलीमच्या आपल्या डॉक्टरांना उन्हाळा सुरू होण्याआधीच विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

५. वर्षातून एकदा साखर तपासून घ्या. "मला काही होत नाही" हे कारण चालणार नाही. वर सांगितलेल्या लोकांनाही काही होत नव्हते.

६. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलता येईना, बोबडी वळली, किंवा छातीत दाब येऊन घाम फुटला, तर ताबडतोब १०१ नंबरला फोन करा. मुलाला कामावरून बोलावून घेण्यात वेळ घालवू नका. घड्याळ पाहून ठेवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यासाठी डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, की रोगी अगदी ठीक होता असे शेवटचे कधी पाहिले? घरातल्या माणसाला हे उत्तर देता आले तर उपचाराचा मार्ग मोकळा होतो.

शेवटचे दोन शब्द

आउग्सबुर्गच्या त्या ६९१ माणसांची नावे आपल्याला माहीत नाहीत. झटक्यातून नुकती उठलेली, थकलेली, घाबरलेली ती माणसे. कुणीतरी येऊन विचारते, परवा दुपारी चार वाजता तुम्ही कुठे होतात? "मला आता पडू द्या" असे म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी आठवून आठवून उत्तरे दिली. त्यातून त्यांचे स्वतःचे दुखणे बरे होणार नव्हते. पण त्यांच्या उत्तरांमुळे पुढच्या पिढीच्या डॉक्टरांना रोग्याच्या गोळ्यांबरोबर त्याच्या रस्त्याचा आणि त्याच्या खोलीचाही विचार करावासा वाटू लागला. जर्मनीत २०१४ पासून याहून मोठी पाहणी चालू आहे. तिच्यात २,०५,००० लोकांनी भाग घेतला आहे आणि आउग्सबुर्ग तिच्या १८ ठिकाणांपैकी एक आहे.

वय झाले की आपल्याला वाटते, आता आपला कुणाला काय उपयोग? वाचकहो, या वह्यांत सर्वांत मोलाची पाने म्हाताऱ्या माणसांचीच आहेत. पुढच्या वेळी डॉक्टर विचारतील, की हे कधी सुरू झाले, तेव्हा तुम्ही काय करत होतात, तर "काही आठवत नाही" म्हणून विषय संपवू नका. घरी एक लहान वही ठेवा. दम लागला, चक्कर आली, छातीत दुखले, की तारीख, वेळ, आणि त्याआधीच्या तासात आपण कुठे होतो, एवढे तीन शब्द लिहा. पुढच्या भेटीला ती वही बरोबर न्या.